पेड न्यूज पकडायची तर हातात फूटपट्टी हवी

पैसे घेऊन बातमी छापणं हा कायद्याने गुन्हा आहे, अशी बहुतेकांची समजूत असते. तसा तो नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ उलटापालटा करून पाहिला तरी त्यात पेड न्यूज हा शब्द सापडत नाही. तो निवडणूक गुन्हा ठरवून दोन वर्षांच्या शिक्षेची तरतूद करा, असं निवडणूक आयोग केंद्राला सांगत आलाय. २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने यावर अख्खा अहवाल दिला, मार्च २०१५ मध्ये विधी आयोगाच्या २५५व्या अहवालाने तेच सुचवलं. कायदा होता तिथेच आहे.

मग दर निवडणुकीत ‘अमुक उमेदवाराला पेड न्यूजची नोटीस’ असं जे वाचायला मिळतं ते काय असतं? ती सगळी कारवाई खर्चाच्या हिशेबातून येते. याच कायद्याचं कलम ७७ म्हणतं की अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंत उमेदवाराने किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीने केलेल्या वा मंजूर केलेल्या प्रत्येक खर्चाची नोंद ठेवा. कलम ७८ म्हणतं की निकालानंतर ३० दिवसांत तो हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्या. नाही दिला, किंवा ठरलेल्या पद्धतीने नाही दिला, तर कलम १०अ खाली तीन वर्षांची अपात्रता. म्हणजे बातमी विकत घेतली म्हणून काही होत नाही. विकत घेतलेली बातमी हिशेबात दाखवली नाही म्हणून होऊ शकतं. विकणाऱ्याचं तर तेवढंही होत नाही. त्याचं नाव वृत्तपत्रांवर लक्ष ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलकडे जातं. कौन्सिल समज देऊ शकते, ताशेरे ओढू शकते. दंड करायचा अधिकार तिला नाही.

ही गोष्ट नीट लक्षात घेतली की पुढचं सगळं उलगडत जातं. आपल्याकडे पेड न्यूजविरुद्धची लढाई ही मुळात हिशेबतपासनिसाची लढाई आहे. पत्रकारितेच्या नीतिमत्तेवर कितीही परिसंवाद झाले तरी तिथे उपयोगी पडतं ते चौरस सेंटिमीटर, दरपत्रक आणि तारीख.

यातलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण आपल्याच राज्यातलं. ऑक्टोबर २००९ च्या विधानसभा निवडणुकीत तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण नांदेड जिल्ह्यातल्या भोकरमधून उभे होते. त्यांच्यावर ‘अशोक पर्व’ या नावाने पानंच्या पानं छापून आली. एकमेकांच्या स्पर्धक असलेल्या तीन मोठ्या मराठी दैनिकांत एक लेख शब्द न् शब्द तोच होता. पत्रकार पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मध्ये ही पानं शेजारी शेजारी मांडली आणि मग उमेदवाराचं खर्चपत्रक पाहिलं. वृत्तपत्रांतील जाहिरातींवर झालेला खर्च तिथे होता ५,३७९ रुपये. केबल टीव्हीवर ६,०००. एकूण खर्च त्या वेळच्या १० लाखांच्या मर्यादेत बसत होता.

चव्हाणांनी आरोप नाकारले. वृत्तपत्रांचं म्हणणं, आम्ही हे आमच्या मनाने छापलं, पैसे घेतले नाहीत. हरलेले उमेदवार माधवराव किन्हाळकर आयोगाकडे गेले. त्यावर चव्हाणांच्या बाजूने जो मुद्दा मांडला गेला तो कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाचा होता: हिशेब वेळेत आणि ठरलेल्या नमुन्यात दिला की आयोगाचं काम संपलं, तो खरा की खोटा हे पाहायचा अधिकार आयोगाला नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०११ मध्ये हे अमान्य केलं आणि ५ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही. हिशेबाचा खरेखोटेपणा आयोग तपासू शकतो, हे तेव्हापासून पक्कं झालं. आज देशभर ज्या नोटिसा जातात त्यांच्या मुळाशी हा निकाल आहे.

पण प्रत्यक्षात काय झालं? जुलै २०१४ मध्ये आयोगाने हिशेब योग्य रीतीने दिलेला नाही असा निष्कर्ष काढून चव्हाणांना नोटीस दिली. सप्टेंबर २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. तोवर २००९ ची विधानसभा संपत आली होती आणि पुढची निवडणूक महिन्यावर होती.

याच्या शेजारी उत्तर प्रदेशातल्या बिसौलीचं प्रकरण ठेवून पाहा. २००७ मध्ये तिथून निवडून आलेल्या उमलेश यादव यांनी दोन हिंदी दैनिकांत बातमीच्या रूपात आलेल्या मजकुराचा खर्च दाखवला नव्हता. रक्कम २१,२५०. हरलेल्या उमेदवाराने प्रेस कौन्सिलकडे तक्रार केली, तिथून ती आयोगाकडे गेली आणि ऑक्टोबर २०११ मध्ये आयोगाने यादव यांना तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं. या कारणावरून आमदाराची अपात्रता झाल्याचं देशातलं हे पहिलं उदाहरण. मध्य प्रदेशात दतियाचे नरोत्तम मिश्रा यांच्याबाबत २००८ च्या निवडणुकीतल्या ४२ बातम्यांचा प्रश्न होता. आयोगाचा अपात्रतेचा आदेश आला जून २०१७ मध्ये आणि मे २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने तो रद्द केला. मधल्या काळात मिश्रा आणखी एकदा निवडून येऊन मंत्रीही झाले होते.

चव्हाण आणि मिश्रा, ही दोन्ही मोठी प्रकरणं एकाच दगडाला ठेचकाळली: उमेदवाराचा हात सिद्ध कसा करायचा? कलम ७७ मधला खर्च म्हणजे उमेदवाराने ‘केलेला किंवा मंजूर केलेला’ खर्च. व्यवहार रोखीत, बिल नाही, पावती नाही, देणारा कार्यकर्ता आणि घेणारा वार्ताहर. वृत्तपत्र म्हणतं, आम्ही स्वखुशीने छापलं. उमेदवार म्हणतो, मला माहीत नाही. मजकूर सारखा आहे यावरून संशय येतो, मंजुरी दिसत नाही. बिसौलीत मजकुराच्या सोबत जाहिरातीची खूण होती, म्हणून ते टिकलं. खूण ठेवणारा पकडला गेला, न ठेवणारे सुटले.

विक्री कुठे होते

मालकाच्या केबिनमध्ये होणारे मोठे सौदे चर्चेत असतात, पण जिल्ह्यात रोजचा धंदा तालुक्याच्या पातळीवर चालतो. मोठ्या मराठी दैनिकांनी जिल्हा आवृत्त्या काढल्या तेव्हा गावोगावी वार्ताहर नेमले. यातल्या बऱ्याच जणांना पगार नाही. मानधन नावापुरतं, खरी मिळकत जाहिरातीच्या कमिशनवर. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, दिवाळी अंक, वर्धापनदिन, आणि आमदारसाहेबांचा वाढदिवस. प्रत्येक वेळी पुरवणीचं टार्गेट येतं. ज्याच्याकडून शुभेच्छा जाहिरात आणायची त्याच्याच कारभाराची बातमी द्यायची, अशी नोकरी आहे ही. निवडणुकीतलं पॅकेज, म्हणजे उमेदवाराला एकगठ्ठा विकलेल्या बातम्या, आकाशातून पडत नाही. पाच वर्षं चालत आलेल्या व्यवहाराला त्या तीन आठवड्यांत भाव येतो, इतकंच.

पॅकेजमध्ये काय असतं, हे प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने २०१० मध्येच लिहून ठेवलंय. परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी या दोघांनी तयार केलेला तो ७१ पानी अहवाल कौन्सिलने आधी काटछाट करून प्रसिद्ध केला. नावांसह मूळ अहवाल बाहेर यायला केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश लागला. अर्ज भरतानाची मिरवणूक, रोजची प्रचारफेरी, एक मुलाखत, मतदारसंघाचा ‘कौल’ सांगणारा लेख, शेवटच्या दिवसाचं आवाहन, असा साधारण माल. विरोधकाची बातमी न लावण्याचे पैसे वेगळे.

हे शेवटचं मला सगळ्यात गंभीर वाटतं, आणि कायद्याच्या जाळ्यात ते मुळीच येत नाही. तपासणारी समिती छापलेलं मोजते. जे छापलंच नाही ते कसं मोजणार? पॅकेज न घेतलेल्या अपक्षाची हजार माणसांची सभा दुसऱ्या दिवशी कुठेच नसते. त्याला दाद मागायला कलम नाही, मुदत नाही, फॉर्म नाही.

समितीचं घड्याळ

प्रत्येक जिल्ह्यात माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समिती असते, सगळे तिला एमसीएमसी म्हणतात. जिल्हाधिकारी अध्यक्ष, जिल्हा माहिती अधिकारी सदस्य सचिव, प्रांताच्या दर्जाचा एक अधिकारी, केंद्राच्या माहिती खात्याचा असल्यास एक माणूस आणि एक स्वतंत्र नागरिक किंवा पत्रकार. तिच्याकडे दोन कामं. टीव्ही, रेडिओ, केबल, समाजमाध्यमं, ई-पेपर, बल्क एसएमएस यांवरच्या जाहिराती आधी तपासून प्रमाणपत्र देणं, हे एक. सर्वोच्च न्यायालयाच्या १३ एप्रिल २००४ च्या आदेशातून हे आलं. नोंदणीकृत पक्ष आणि उमेदवारांनी प्रसारणाच्या तीन दिवस आधी अर्ज करायचा, इतरांनी सात दिवस आधी. दुसरं काम पेड न्यूजचं.

पेड न्यूजची संशयित बातमी सापडली की घड्याळ सुरू होतं. प्रसिद्धीपासून किंवा तक्रार मिळाल्यापासून ९६ तासांच्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने उमेदवाराला नोटीस द्यायची: हा खर्च तुमच्या हिशेबात का धरू नये? उत्तराला ४८ तास. उत्तर आलं नाही तर समितीचा निर्णय अंतिम. निर्णय मान्य नसेल तर ४८ तासांत राज्यस्तरीय समितीकडे अपील, तिने ९६ तासांत निकाल द्यायचा, आणि त्यावर पुन्हा ४८ तासांत थेट आयोगाकडे. प्रकरण सिद्ध झालं की रक्कम खर्च पथकाच्या शॅडो रजिस्टरमध्ये, म्हणजे उमेदवाराच्या हिशेबाला समांतर ठेवलेल्या नोंदवहीत, चढते. प्रचारकाळात खर्च निरीक्षक उमेदवाराची नोंदवही किमान तीनदा तपासतात तेव्हा हे रजिस्टर शेजारी ठेवलं जातं.

रक्कम ठरते सरकारी दराने, म्हणजे राज्याच्या माहिती खात्याच्या किंवा केंद्राच्या जाहिराती देणाऱ्या केंद्रीय संचार ब्युरोच्या दरपत्रकावरून. इथे फूटपट्टी लागते. आठ कॉलमांच्या पानावर चार कॉलमी बातमी साधारण १६ सेंमी रुंद भरते. उंची २५ सेंमी धरा. क्षेत्रफळ ४०० चौरस सेंमी. एक लाख खपाच्या दैनिकासाठी केंद्राचा कृष्णधवल दर २०१९ पासून ४७.४० रुपये प्रति चौरस सेंमी होता, नोव्हेंबर २०२५ मध्ये तो ५९.६८ झाला. जुन्या दराने ही बातमी १८,९६० रुपयांची, नव्या दराने २३,८७२ ची. २०२४ च्या विधानसभेत अशा २० बातम्या एखाद्याच्या नावावर चढल्या असत्या तरी बेरीज ३,७९,२०० झाली असती. खर्चाची मर्यादा ४० लाख. (गोव्यात २८ लाख.)

आता गंमत बघा. वृत्तपत्रांचे खाजगी जाहिरातीचे दर सरकारी दरापेक्षा बरेच जास्त असतात. ज्याने सरळ ‘जाहिरात’ असं छापून जागा घेतली, त्याला प्रत्यक्ष दिलेली पूर्ण रक्कम दाखवावी लागते. ज्याने बातमी म्हणून घेतली आणि पकडला गेला, त्याच्या नावावर सरकारी दराची रक्कम चढते. पकडला गेलेला माणूस प्रामाणिक जाहिरातदारापेक्षा स्वस्तात सुटतो. न पकडला गेलेल्याला शून्य. कुठलाही जमाखर्च लिहिणारा सांगेल की अशा नियमाने कोणाची वागणूक बदलणार नाही. नोटीस खरी चावते ती फक्त ज्याचा दाखवलेला खर्च आधीच ४० लाखांच्या काठावर आहे त्याला, आणि तसा हिशेब देणारे उमेदवार विरळाच.

समितीची आणखी एक अडचण तिच्या रचनेतच आहे. जिल्हा माहिती अधिकाऱ्याचं वर्षभराचं काम काय? सरकारच्या बातम्या याच दैनिकांत छापून आणणं. राज्य सरकारच्या जाहिराती याच खात्यातून याच दैनिकांना जातात. आणि आचारसंहिता लागली की त्याच माणसाने, त्याच संपादकांची पानं मोजून त्यांचा व्यवहार उघड करायचा. वैयक्तिक प्रामाणिकपणाचा इथे प्रश्न नाही. निकालानंतर सोमवारी पुन्हा त्याच ब्युरो चीफला प्रेसनोट पाठवायची असते.

छापील जाहिरातीची पळवाट

कलम १२६ चे ते ४८ तास सगळ्यांना माहीत आहेत. मतदान संपण्याच्या वेळेआधीचे ४८ तास टीव्ही, सिनेमा आणि तत्सम साधनांवरून प्रचार बंद. त्यात छापील कागद नाही. म्हणून मतदानाच्या दिवशी सकाळी पेपरच्या पहिल्या पानावर जॅकेट, म्हणजे अख्खं पान व्यापणारी जाहिरात दिसते आणि लोक चिडून विचारतात, हे चालतं कसं? चालतं. मतदानाच्या दिवशी आणि आदल्या दिवशीच्या छापील जाहिरातीला एमसीएमसीचं प्रमाणपत्र लागतं, त्यासाठी दोन दिवस आधी अर्ज करायचा, बस. प्रमाणपत्राशिवाय छापली असेल तरच तक्रारीत दम आहे.

आणखी एक वेळेची पळवाट: हिशेब अर्ज भरल्यापासून सुरू होतो. त्याआधी काढलेली विकासकामांची आठ पानी पुरवणी उमेदवाराच्या खात्यात येत नाही. म्हणून पुरवण्यांचा पूर येतो तो आचारसंहितेच्या आधीच्या पंधरवड्यात, आणि त्याच सुमाराला सरकारी जाहिरातींचाही, कारण आचारसंहितेनंतर सरकारी पैशाने कामगिरीच्या जाहिराती देता येत नाहीत.

वाचकाने काय करायचं

किमान दोन स्पर्धक पेपर एकाच दिवशी समोर ठेवा. एका पेपरवरून संशय येईल, पुरावा मिळणार नाही. आयोगाने आपल्या सूचनांत ज्या खुणा दिल्यात त्या जवळून बघण्यासारख्या आहेत. दोन पेपरांत तोच मजकूर, तोच फोटो, वर नावं मात्र वेगवेगळ्या वार्ताहरांची. एकाच पानावर दोन विरोधी उमेदवार, दोघेही ‘प्रचंड मताधिक्याने’ निवडून येणार. समाजाच्या सगळ्या घटकांचा पाठिंबा मिळाल्याचं सांगणारी आणि कोणाचंही नाव नसलेली बातमी. माझ्याकडून दोन खुणांची भर. बातमीच्या टाइपकडे नीट बघा, पेपरच्या रोजच्या फॉन्टपेक्षा किंचित वेगळा आणि चारी बाजूंनी बारीक चौकट असेल तर ते पान जाहिरात विभागातून आलेलं असतं. आणि शुद्धलेखन बघा. प्रचार कार्यालयातून आलेल्या मजकुरातली तीच चूक दोन पेपरांत त्याच ओळीत दिसली, तर मजकूर एकाच ठिकाणाहून आला याला यापेक्षा चांगला दाखला नाही.

कात्रण कापू नका. सगळ्यात जास्त तक्रारी इथे बाद होतात. अख्खं पान ठेवा, वर पेपरचं नाव, तारीख, आवृत्ती आणि पान क्रमांक दिसला पाहिजे. एकाच दैनिकाच्या शहर आणि डाक आवृत्तीत पानं बदलतात, त्यामुळे आवृत्ती लिहिली नाही तर समितीला ते पान सापडतच नाही. ई-पेपरमधून तेच पान त्याच दिवशी उतरवून घ्या. बातमीची रुंदी-उंची सेंटिमीटरमध्ये मोजून तक्रारीत लिहा, मथळा आणि फोटोसह. तक्रार लेखी, निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या नावे आणि प्रत जिल्हा माहिती कार्यालयाला, पोच घेऊन. सगळं घड्याळ तासांवर चालत असल्याने तक्रार त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी गेली पाहिजे. आठवडाभर पानं जमवून एकदम गठ्ठा देऊ नका.

(हे सगळं लोकसभा आणि विधानसभेचं. जिल्हा परिषद, नगरपालिका, महापालिका राज्य निवडणूक आयोगाकडे आहेत, तिथले आदेश आणि मर्यादा वेगळ्या.)

यूट्यूब चॅनल आणि पोर्टलवाल्यांना सेंटिमीटर लावता येत नाही. तिथे निदान दिनांक-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट आणि लिंक दोन्ही ठेवा, कारण नोटीस जाण्याआधीच व्हिडिओ गायब होतो. गूगल आणि मेटा यांच्या जाहिरात संग्रहात राजकीय जाहिरातीचे पैसे कोणी दिले ते शोधता येतं. मात्र ‘आपला लाडका तालुका’ छापाच्या पेजमागे कोण आहे हे तिथेही बऱ्याचदा कळत नाही.

निकालानंतरही एक दार उघडं राहतं. निवडणूक संचालन नियम, १९६१ च्या नियम ८८ प्रमाणे कोणीही एक रुपया फी भरून उमेदवाराचा हिशेब पाहू शकतो आणि फी भरून साक्षांकित प्रत घेऊ शकतो. गोषवाऱ्यातली अनुसूची ४ उघडा, माध्यमांवरचा खर्च तिथे असतो. जपून ठेवलेल्या पानांची यादी तिच्याशी ताडून बघा. तारखा मात्र सांभाळा. हिशेब द्यायला ३० दिवस आणि उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करायला ४५ दिवस, दोन्ही निकालापासून. शेवटच्या दिवशी आलेला हिशेब वाचून वकील गाठायला पंधराच दिवस उरतात. शिवाय याचिका करायची असेल तर एकूण खर्च मर्यादेच्या वर गेला हे दाखवावं लागतं. नुसता खोटा हिशेब हा न्यायालयाच्या लेखी भ्रष्ट आचार ठरत नाही, त्यासाठी जावं लागतं आयोगाकडेच, कलम १०अ खाली. तक्रारीत भाषण नको. पानाची तारीख, आवृत्ती, चौरस सेंमी, सरकारी दर, आणि हिशेबात दाखवलेली रक्कम, असे पाच रकाने आखा आणि खाली बेरीज करा.